भडभुंज्याची वाळू

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात आमच्या वाड्यामागच्या बोळात एका भडभुंज्याची भट्टी होती. वाळू भट्टीवर लालबुंद तापायची, दुसऱ्या कढईतल्या हरभऱ्यांवर पडायची, फुटाणे फुटले की चाळणीतून खाली यायची आणि निवालेली वाळू पुन्हा भट्टीवर चढायची. एका चैत्रात त्याच्या नव्या पोऱ्याने घाईघाईत मोठ्या भोकांची चाळणी उचलली, त्यामुळे टरफले आणि चुरा वाळूबरोबर भट्टीवर गेला, आणि जो धूर निघाला तो थेट अंगणात वाळत घातलेल्या आजीच्या कुरडयांवर येऊन बसला. आजी तरातरा बोळात गेली आणि वाळूला नावे ठेवू लागली. भडभुंजा शांतपणे म्हणाला, “आजी, वाळू बिचारी तीच आहे, चाळणी चुकली.” त्या वर्षीच्या कुरडया तळल्यावरही धुरकट लागत. (हल्लीचे पाकिटबंद फुटाणे तर कशाचेच लागत नाहीत.)

आजचा विषय, केमिकल लूपिंग ज्वलन, याच वाळूसारखा चालतो. फक्त येथे कण उष्णतेबरोबर प्राणवायूही वाहून नेतात. लोखंडाच्या ऑक्साइडचे कण एका पात्रात हवेतील प्राणवायू घेतात आणि दुसऱ्या पात्रात तो कोळशाला देतात. हवा आणि इंधन यांची गाठ पडत नाही. पुन्हा सांगतो, गाठ पडतच नाही. त्यामुळे हवेतला ७८ टक्के नायट्रोजन धुरात मिसळत नाही, आणि इंधनाच्या पात्रातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व वाफ बाहेर येते. वाफ थंड करून पाणी काढले, की उरलेला वायू साठवणे सोपे जाते.

घन इंधनाची अडचण मात्र पोऱ्याचीच आहे. अर्धवट जळालेला कोळसा कणांबरोबर हवेच्या पात्रात गेला, तर तेथेच जळतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड हातचा निसटतो. म्हणून मध्ये वाफेच्या झोताने हलका कोळसा मागे उडवणारे पात्र बसवतात. तीच येथली चाळणी. कोळशाऐवजी कचरा जाळला, तर त्यातून निघणारे क्लोरीन आणि क्षार भट्टीतल्या वाफ तयार करणाऱ्या नळ्या कुरतडतात. या पद्धतीत ते बहुतांशी इंधनाच्या पात्राच्या बाजूलाच राहतात, म्हणून सर्वांत तप्त नळ्या हवेच्या बाजूला ठेवता येतात. (ओला कचरा मात्र कोणत्याच भट्टीत नको, त्याची जागा खतात.)

राख काढताना थोडे कणही तिच्याबरोबर जातात, आणि आपल्या कोळशात राख भरपूर, म्हणून कण स्वस्तच हवेत. इल्मेनाइट हे लोह-टायटॅनियमचे खनिज त्यासाठी वापरून पाहिले गेले आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत ते सापडते.