'येस' म्हणण्याआधी

टर्मिनलवर एक कमांड टाइप होते आहे: टोफू प्लॅन. काही सेकंदांत यादी उमटते. हिरवं अधिक म्हणजे नवं काही उभं राहणार, पिवळी नागमोडी रेघ म्हणजे आहे त्यात बदल, लाल वजा म्हणजे काढून टाकणार. क्लाउडमध्ये अजून काहीच हललेलं नाही.

ही कमांड ओपनटोफूची, म्हणजे क्लाउडमधली यंत्रणा फाइलींत लिहून उभारायच्या टूलची. या फाइलींत सर्व्हर, नेटवर्क, डेटाबेस कसे उभारायचे ते लिहीत नाहीत. शेवटी काय असायला हवं, तेवढंच लिहायचं. आहे त्यात आणि हवं त्यात काय फरक आहे ते टूल शोधतं आणि कामांचा क्रमही तेच लावतं.

आता ही ओळ बघा. डेटाबेसची एक किरकोळ वाटणारी सेटिंग बदलली होती. प्लॅनमध्ये मात्र वजा आणि अधिक शेजारी-शेजारी आलेत, पुढे लिहिलंय 'फोर्सेस रिप्लेसमेंट'. म्हणजे चालू डेटाबेस जाणार आणि त्याजागी नवा, रिकामा येणार! अप्लाय करताना, म्हणजे प्लॅन प्रत्यक्षात आणताना, टूल पूर्ण 'येस' मागतं, नुसतं 'वाय' चालत नाही. ही सक्ती अगदी योग्य आहे.

काय काय उभारलं, याची नोंद स्टेट फाइलमध्ये राहते. ही साधी जेसन फाइल, म्हणजे कुणालाही उघडून वाचता येईल असा मजकूर. तिच्यात डेटाबेसचा पासवर्डसुद्धा जसाच्या तसा वाचता येऊ शकतो. ती एन्क्रिप्ट करता यावी, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये, ही वापरणाऱ्यांची जुनी मागणी होती.

ओपनटोफूचं मूळ टूल टेराफॉर्म, हॅशिकॉर्पने 2014 मध्ये आणलेलं. ऑगस्ट 2023 मध्ये कंपनीने पुढच्या आवृत्त्यांचा मुक्त परवाना काढून बिझनेस सोर्स लायसन्स लावलं. कोड वाचायला खुला राहिला, पण त्यावर कंपनीशी स्पर्धा करणारी सेवा उभारायला मनाई झाली. वर्षानुवर्षं या टूलवर कामं उभी केलेल्यांना हे पटणं शक्यच नव्हतं. त्यांनी जुन्या परवान्याचा कोड घेऊन वेगळी वाट धरली. तेच ओपनटोफू. सप्टेंबरात ते मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळणाऱ्या लिनक्स फाउंडेशनकडे आलं, जानेवारी 2024 मध्ये पहिली स्थिर आवृत्ती, 1.6, निघाली.

आणि एप्रिलमध्ये 1.7 आली, ती स्टेट एन्क्रिप्शन घेऊनच. किल्ली सांकेतिक वाक्यापासून तयार करा किंवा क्लाउडच्या की मॅनेजमेंट, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या, सेवेतून घ्या. पासवर्ड असलेली तीच फाइल आता उघडून बघा: वाचता येण्याजोगं काही हाती लागत नाही. ती किल्ली हरवली तर तुमच्याही हाती काही लागणार नाही, म्हणून किल्लीची प्रत कोडपासून दूर, सुरक्षित जागी ठेवा.