फोटोत ११ माणसं, फाइल मात्र एक: घराण्याच्या कागदांची नोंद कशी ठेवायची?

(कॅमेऱ्यासमोर जुना गटफोटो धरत)

नमस्कार मंडळी! हा फोटो बघा. ११ माणसं आहेत यात. आता मला सांगा, हा ठेवायचा कुठल्या फाइलमध्ये? आजोबांच्या? आजीच्या? की मागे कडेला उभ्या असलेल्या त्या अनोळखी गृहस्थांच्या?

वंशावळीचं काम सुरू केलं की आपण पहिल्यांदा माणसागणिक फाइल उघडतो आणि नेमके इथेच अडकतो. मग प्रती निघतात, एक या फाइलमध्ये, दुसरी त्या. एका प्रतीवर नावं दुरुस्त होतात, बाकीच्या तशाच राहतात.

माझं म्हणणं सरळ आहे. कागद माणसाच्या नावाने लावू नका, कागदाला स्वतःचा नंबर द्या. हातात येईल त्या क्रमाने, ०००१, ०००२, ०००३. पुढची शून्यं लावाच, नाहीतर बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर १० नंबरला २ च्या आधी नेऊन बसवतो. आणि नंबरात अर्थ कोंबू नका. ‘प म्हणजे पणजोबा’ असं ठरवायचं आणि नंतर ते पत्र त्यांच्या भावाचं निघायचं! नंबर मुका असलेलाच बरा.

नंबर लिहायचा मऊ पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात, हलक्या हाताने. बॉलपेन नको, दाबाचे वळ पुढे उमटतात. गुळगुळीत पाठीच्या फोटोवर पेन्सिल उठत नाही, तिथे नंबर पाकिटावर लिहा. टाचण्या गंजतात, त्या जपून काढा. पीव्हीसीची पाकिटं टाळा, ॲसिड-फ्री कागदाची किंवा पॉलिएस्टरची चालतील.

एक मात्र करू नका. जुना गठ्ठा मिळाला की लगेच तो सुटा करून तारखेप्रमाणे लावायला बसू नका. कुठलं पत्र कशाच्या शेजारी होतं, हीसुद्धा माहितीच आहे. आधी आहे त्या क्रमाने नंबर टाका. पत्राचं पाकीटही फेकू नका. आत तारीख नसली तरी टपालाचा शिक्का असतो.

आता नोंदवही. साधी स्प्रेडशीट पुरते. नंबर, वस्तू, तारीख, माणसं, कुठून मिळालं, मूळ प्रत कोणाकडे आहे, कागदावरचा मजकूर आणि आपला तर्क, एवढे रकाने करा. तारीख लिहिताना वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवा, म्हणजे यादी आपोआप काळाप्रमाणे लागते.

या फोटोची ओळ वाचून दाखवतो. ‘०१४७. गटफोटो, ११ जण. तारीख नाही. मागे निळ्या शाईत मजकूर: थोरलीच्या लग्नानंतर.’ मजकूर जसा आहे तसाच उतरवलाय, शुद्धलेखन न सुधारता. शेजारचा रकाना बघा, हा माझ्या तर्काचा: ‘पुढच्या रांगेत डावीकडून तिसरी आजी असावी, आत्याने ओळखलं.’ आत्याने कधी सांगितलं तेही लिहायचं. कागद काय सांगतो आणि आपण काय म्हणतो, हे दोन रकाने कधीही एकत्र करू नका. एकदा ‘असावी’चं ‘आहे’ झालं की नातेवाईक ते कॉपी करत सुटतात आणि मग ते मागे घेता येत नाही.

माणसांनाही नंबर देता येतात, आणि ही पद्धत जुनी आहे. १५९० मध्ये आइत्सिंगर या ऑस्ट्रियन इतिहासकारांनी ती वापरली होती, १८९८ मध्ये श्ट्राडोनिट्स या जर्मन वंशावळ-अभ्यासकांनी ती लोकप्रिय केली. हे श्ट्राडोनिट्स म्हणजे बेंझिनची रचना मांडणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ केकुले यांचे चिरंजीव बरं का! तुम्ही १, वडील २, आई ३. कोणाच्याही नंबराची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, दुप्पट अधिक एक म्हणजे आई. आईची आई ७, तर तिचे वडील १४. तक्ता न बघता सांगता येतं. अडचण एवढीच, की काका, आत्या, मावशी यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी यादी ठेवा.

शोधाचीही एक वही ठेवा. कुठलं रजिस्टर, कुठली वर्षं, कुठल्या नावाने पाहिलं, आणि काय मिळालं. ‘काही मिळालं नाही’ हे तर आवर्जून लिहा. नाहीतर तीच पानं पुन्हा चाळाल. आडनावाची कुठली स्पेलिंगं तपासली तेही टाका.

स्कॅनचं पटकन सांगतो. कागद ३०० डीपीआय (म्हणजे दर इंचाला किती ठिपके), छोटे फोटो ६०० डीपीआय, मूळ स्कॅन टिफ या फाइल-प्रकारात, त्यात चित्राचा दर्जा घटत नाही. मागची बाजूही स्कॅन करायची: ०१४७-अ, ०१४७-ब. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

आणि वंशावळीचं ॲप वापरत असाल तर गेडकॉम फाइल, म्हणजे वंशावळीची माहिती एका ॲपमधून दुसऱ्यात नेण्याची फाइल, अधूनमधून काढून ठेवा. हा फॉरमॅट १९८४ पासून आहे आणि बहुतेक ॲप्स तो वाचतात. पण नेहमीच्या गेडकॉममध्ये नावं, नाती, तारखा जातात, फोटो जात नाहीत, फोटोची फाइल कुठे ठेवली आहे तेवढा पत्ता जातो. म्हणून ॲपमध्ये माणसाच्या नोंदीखाली ०१४७ हा नंबर टाइप करून ठेवा. ॲप बदललं तरी फोटो त्याच नंबराने सापडेल.