सरळ सहा सिलिंडरला दोन कार्बोरेटर लावायचे की तीन?

[टेबलावर सुटा इनटेक मॅनिफोल्ड]

नमस्कार. हा इनटेक मॅनिफोल्ड बघा, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरपर्यंत नेणारी नळी. सहा सिलिंडर एका रांगेत, आणि त्या सगळ्यांसाठी मधोमध एकच कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. तीन आणि चार नंबर त्याला अगदी चिकटून, तर एक आणि सहा पार टोकाला. कार्बोरेटरमधून पेट्रोल निघतं ते पूर्ण वाफ होऊन नाही, बरंचसं बारीक थेंबांच्या रूपात. हवा वळणावर सहज वळते. थेंब जड असतात, ते सरळ जाऊन भिंतीला चिकटतात. त्यामुळे बहुतेक वेळा मधले सिलिंडर रिच (पेट्रोल जास्त) चालतात आणि टोकाचे लीन (पेट्रोल कमी). टोकाचे पिस्टन तापू नयेत म्हणून मोठा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) टाकला, की मधले प्लग काळे पडतात.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. कार्बोरेटर वाढवायचे ते जास्त पेट्रोल ओतायला नाही, सहाही सिलिंडरना सारखं मिश्रण मिळावं म्हणून. ताकद वाढते ती त्यातून.

[फळ्यावर 1-5-3-6-2-4 लिहिताना]

आता माझा सगळ्यात आवडता भाग. बहुतेक सरळ सिक्सचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, हा असतो. क्रँकच्या दर 120 अंशांना एक सिलिंडर. आता पुढचे तीन वेगळे काढा: एक, तीन, दोन. त्यांच्यातलं अंतर मोजा. 240, 240, 240. मागचे तीन: पाच, सहा, चार. तिथेही तेच. म्हणजे दोन कार्बोरेटर लावून प्रत्येकाला तीन शेजारचे सिलिंडर दिले, तर प्रत्येक कार्बोरेटर अगदी समान लयीत श्वास घेतो. एकाचं खेचणं संपत येतं तेवढ्यात दुसऱ्याचं सुरू होतं. हडसन हॉर्नेटची ट्विन-एच ही दोन कार्बोरेटरची जोडणी, 1948 च्या जॅग्वार एक्सके 120 चे दोन एसयू कार्बोरेटर, डॅटसन 240 झेडचे दोन कार्बोरेटर, सगळीकडे हीच विभागणी.

आणि तीन लावले तर? जोड्या पडतात एक-दोन, तीन-चार, पाच-सहा. मधल्या जोडीत अंतर 360-360, छान. टोकाच्या जोड्यांत मात्र 240 आणि 480. तिथे लय लंगडी होते. तीन वाईट असं मी म्हणत नाही. 1953 ची पहिली कॉर्व्हेट 235 क्युबिक इंचाच्या सिक्सवर तीन कार्टर कार्बोरेटर घेऊनच आली, 150 हॉर्सपॉवरची. पण रोज चालवायच्या गाडीसाठी मला विचाराल, तर आधी दोन.

तीन डबल-बॅरल (दोन नळ्यांचे) वेबर कार्बोरेटर, म्हणजे दर सिलिंडरला स्वतंत्र नळी, हा वेगळाच प्रकार. तिथे वाटणीचा प्रश्नच उरत नाही. पण तिथली नळी एकाच सिलिंडरचा झटका सोसते, त्यामुळे व्हेंचुरी (नळीतला अरुंद गळा) निवडायचं गणितही वेगळं.

दोन-तीन सिलिंडर जिथे एका कार्बोरेटरवर आहेत, तिथलं माप काढू. फोर्डचं 200 क्युबिक इंचाचं इंजिन घ्या, 3.3 लिटर. 4500 आरपीएमला, सिलिंडर 80 टक्के भरतं असं धरलं, तर मिनिटाला साधारण 5900 लिटर हवा. सुमारे 210 सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट. दोन लहान कार्बोरेटर हे आरामात देतात. मोठे लावले की व्हेंचुरीत हवेचा वेग पडतो, जेटमधून पेट्रोल नीट उचललं जात नाही आणि कमी आरपीएमचा पिकअप मरतो.

याच फोर्डमध्ये अजून दोन अडचणी आहेत. एक, मॅनिफोल्ड सिलिंडर हेडबरोबरच ओतलेला आहे, सुटत नाही. जादा कार्बोरेटरसाठी त्यालाच भोकं पाडावी लागतात. ते काम हेड काढूनच करा, बिडाचा कीस आत गेला तर इंजिन गेलं. दुसरी अडचण, 1960 च्या दशकातल्या यातल्या बऱ्याच इंजिनांच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागात, वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारा वजनांचा अ‍ॅडव्हान्स नाही. सगळा अ‍ॅडव्हान्स कार्बोरेटरच्या व्हॅक्यूमवर. कार्बोरेटर बदललात की टायमिंग बिघडलं, म्हणून डिस्ट्रिब्युटरही बदलायची तयारी ठेवा.

ज्या इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्ट हेडच्या एकाच बाजूला असतात, तिथे बरेचदा दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बोल्टने आवळले जातात. मी दोन दिवस जेट बदलत बसलो होतो. इंजिन स्लोवर हुंदके देत होतं आणि मी दोष कार्बोरेटरला देत होतो. शेवटी फ्लँज (मॅनिफोल्डची बोल्टखालची कड) मोजली. नव्या इनटेकची एक्झॉस्टपेक्षा पातळ होती. वॉशर इनटेकवर नीट टेकतच नव्हता, तिरपा बसत होता, आणि पॅकिंगमधून हवा ओढली जात होती. दोन्ही जाडी आधी मोजा, मगच आवळा. आणि कार्बोरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावरच येत असतील तर मध्ये हीट शील्ड हवीच, नाहीतर बंद केलेल्या गरम इंजिनावर कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळतं. अग्निशामक हाताशी ठेवून काम करा, हे मी कळकळीने सांगतो.

[हातात हवामापक]

आता सिंक, म्हणजे सगळे कार्बोरेटर एकसारखे जुळवणं. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन आणि टायमिंग पक्कं करा. या तिन्हीत गडबड असताना कार्बोरेटर जुळवणं म्हणजे वेळ वाया. मग इंजिन पूर्ण गरम करा, कार्बोरेटरना एकमेकांशी जोडणारी लिंकेज सोडा आणि मापक प्रत्येकाच्या तोंडावर ठेवून स्लोची हवा सारखी करा. मिश्रणाचे स्क्रू त्यानंतर. शेवटी लिंकेज जोडा आणि 2000 आरपीएमच्या आसपास पुन्हा मोजा. बरेच जण इथे थांबतात, पण स्लोवर जुळलेले कार्बोरेटर थ्रॉटल उघडल्यावर पुढे-मागे होतात, कारण लिंकेजमध्ये ढिलाई असते. खरी गाडी तर उघड्या थ्रॉटलवरच चालते.

मग गाडी रस्त्यावर न्या. पुरेशा वेगात थोडा वेळ एका लयीत चालवा, इग्निशन बंद करून क्लच दाबा आणि मोकळ्या, सुरक्षित जागी बाजूला घ्या. सहाही प्लग काढून, नंबरने, कापडावर ओळीत मांडा.

[सहा प्लग, जवळून]

हे माझे. एकपासून सहापर्यंत, सगळे फिक्या तपकिरी रंगाचे. आधी एक आणि सहा पांढरे पडायचे, म्हणजे लीन.