लाम्ब्रुस्को: काट्यापासून पेल्यापर्यंत

मंडळी, आज समोर बसलेल्यांत निम्म्याहून जास्त द्राक्ष बागायतदार आहेत असं मला सांगितलं गेलंय. म्हणून लाम्ब्रुस्को या इटालियन वाईनबद्दल बोलताना मी चवीपासून सुरुवात करणार नाही, वजनकाट्यापासून करतो.

उत्तर इटलीत, पो नदीच्या मैदानात मोदेना नावाचं शहर आहे. सप्टेंबरात तिथल्या गावरस्त्याला लागलात की ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर जाताना दिसतात. मागे ट्रॉली, ट्रॉलीत काळी द्राक्षं, फटीतून रस गळतोय. सगळे निघालेत सहकारी वायनरीकडे. तिकडे तिला ‘कांतिना सोचाले’ म्हणतात. एका हंगामात मी अशाच एका वायनरीच्या काट्यापाशी तासन्‌तास उभा राहिलोय. आपल्याकडे कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांची रांग लागते ना, तसंच दृश्य. फक्त एक गोष्ट वेगळी. ट्रॉली काट्यावर थांबली की वरून एक पोलादी नळी खाली येते, मालात खोल शिरते, थोडा रस ओढून घेते, आणि थोड्याच वेळात फलकावर साखरेचा आकडा उमटतो. पावतीवर वजन येतं आणि साखरही येते. पैसे दोन्हींवर ठरतात. शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरत नाही, बसल्या जागी मान वळवून आकडा बघतो. माझे वडील काट्याकडे तसेच बघायचे.

या द्राक्षांची जी वाईन होते ती लाम्ब्रुस्को. लाल, ड्राय म्हणजे गोड नसलेली, आणि फेसाळणारी. लाल वाईनला फेस म्हटलं की आपल्याकडचे जाणकारसुद्धा जरा बिचकतात. फेस म्हटल्यावर डोळ्यांसमोर शॅम्पेन येते, ती पांढरी किंवा गुलाबी. पण मोदेना आणि शेजारच्या रेज्जो एमिलिया भागात रोजच्या जेवणाची वाईन हीच.

लाम्ब्रुस्को हे एका वाणाचं नाव नाही. ते एक मोठं घराणं आहे. ग्रास्पारोस्सा मोदेनाच्या दक्षिणेला, कास्तेलवेत्रोच्या टेकड्यांवर येतो. शरदात त्याचे देठ लाल होतात, नाव त्यावरूनच पडलं. त्याची वाईन गडद आणि जिभेला तुरट. सालामिनो कार्पीजवळच्या सांता क्रोचेचा. त्याचा घड लांबट आणि गच्च, छोट्या सलामीसारखा, म्हणजे तिकडच्या मांसाच्या सॉसेजसारखा, म्हणून सालामिनो. आणि सोर्बारा. हा माझा लाडका, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो.

सोर्बारा वाढतो सेक्क्या आणि पानारो या दोन नद्यांमधल्या पोयट्याच्या जमिनीत. तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे लगेच कळेल: या वाणाच्या फुलातले पुंकेसर कामाचे नसतात. फूल दिसायला पूर्ण, पण कामापुरतं मादीच. आपल्या थॉमसनला किंवा गणेशला शेजारी दुसरा वाण लागत नाही. सोर्बाराला लागतो. म्हणून त्याच्या बागेत मधूनमधून सालामिनोच्या ओळी लावतात. फुलोऱ्याच्या दिवसांत पाऊस झाला की फळधारणा बिघडते, घडात मोठ्या मण्यांबरोबर शॉट बेरी, म्हणजे न वाढलेले बारीक मणी, राहतात, घड विरळ होतो. आपण मजूर लावून विरळणी करतो, तिथं ती वेलच करून टाकते. त्यात माल घटतो हे खरं. पण विरळ घडात हवा खेळते, आणि हाती लागतं ते फिकट रंगाचं, चांगलंच आंबट द्राक्ष. त्याची वाईन गुलाबीकडे झुकणारी असते, छोट्या जंगली फळांचा वास येतो आणि आंबटपणा इतका स्वच्छ की पहिल्या घोटाला गाल आत ओढले जातात. बाटलीवर ‘लाम्ब्रुस्को दी सोर्बारा’ लिहायचं तर किमान ६० टक्के सोर्बारा हवा. बाकीच्यात सालामिनो चालतो. बागेत जो शेजारी, तोच बाटलीतही.

आता फेसाकडे येऊ. जुन्या काळी तो कोणी मुद्दाम आणत नव्हतं. थंडी पडली की तळघरातलं किण्वन, म्हणजे रसाचं आंबणं, मध्येच थांबायचं, वाईनमध्ये थोडी साखर उरायची. तशीच वाईन बाटलीत भरली की वसंतात ऊब येऊन यीस्ट पुन्हा जागं व्हायचं, उरलेली साखर खायचं, आणि वायू आतच अडकायचा. तळाशी गाळ राहायचा. आजही काही जण बाटलीत असंच दुसरं किण्वन करतात, आणि मला ती धूसर वाईन फार आवडते. मोठ्या प्रमाणावर मात्र हे काम दाब सोसणाऱ्या पोलादी टाकीत होतं. ही पद्धत इटलीच्याच फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ साली मांडली, पुढे फ्रान्सच्या शार्मा यांनी ती सुधारली आणि नाव बहुतेक ठिकाणी त्यांचंच चाललं. दुसऱ्या किण्वनासाठी जी साखर लागते ती पोत्यातली नसते, द्राक्षाच्या रसातूनच येते. बहुतेक लाम्ब्रुस्को ‘फ्रिझान्ते’ असते, म्हणजे दाब फार तर अडीच बार, शॅम्पेनच्या निम्म्याहून कमी. बूच उडत नाही. पेल्यात ओतलं की जांभळट गुलाबी फेस भरभर वर येतो आणि तेवढ्याच लवकर बसतो.

आणि सहकार? द्राक्ष थांबत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. तोडलेला माल दारात असताना भाव व्यापाऱ्याच्या हातात जातो. एमिलियातला, म्हणजे या मोदेना-रेज्जो भागातला, शेतकरी हेच भोगत होता. त्यानं उत्तर काढलं ते एकत्र येऊन स्वतःच्या टाक्या बांधायचं. कार्पीची सहकारी वायनरी १९०३ सालची, सोर्बाराची १९२३ची. २०१२ मध्ये त्या दोन्ही एक झाल्या. १९४८ साली लागू झालेल्या इटलीच्या राज्यघटनेत, ४५व्या कलमात, सहकाराच्या सामाजिक कार्याला मान्यता आहे. रेज्जो एमिलियात ‘रिउनिते’ १९५० साली उभी राहिली, अनेक सहकारी वायनरींची मिळून एक. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला तेही साल १९५०च. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला आजही भरून येतं. दोन वेगळ्या मातींत माणसं एकाच गरजेपोटी एकाच वाटेला लागली होती.

पण याच सहकारानं लाम्ब्रुस्कोचं नाव जगभर खालीही आणलं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. १९६७ पासून रिउनितेची लाम्ब्रुस्को अमेरिकेत जाऊ लागली. ती गोड, हलकी, बर्फ घालून प्यायची, शीतपेयाच्या चालीची वाईन होती. ऐंशीच्या दशकात एकेका वर्षात १ कोटीहून जास्त पेट्या तिथं गेल्या. अमेरिकेतल्या आयात वाईनमध्ये ती वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर राहिली. त्या पैशानं हजारो घरं उभी राहिली. त्याला मी नावं ठेवणार नाही, शेतकऱ्याच्या घरात पैसा आला की तो चांगलाच. पण लाम्ब्रुस्को म्हणजे गोड आणि स्वस्त, हा शिक्का बसला तो बसलाच. घरी ड्राय वाईन पिणाऱ्या माणसाला बाहेरचं जग त्याच्या गोड बाटलीवरून ओळखू लागलं.

सहकारी वायनरीची अडचण अशी असते की सभासदाचा माल नाकारता येत नाही. आणि पैसे नुसत्या टनावर मिळाले की वेलीवर घड वाढतात. कायद्यानं सोर्बाराला हेक्टरी १८ टनांची मर्यादा घातली आहे, म्हणजे आपल्या हिशेबानं एकरी सात टनांच्या पुढे थोडं. पण मर्यादा कागदावरची. काट्यावरची ती नळी रोज बोलते. साखर चांगली, माल निरोगी, तर क्विंटलमागे जास्त. ज्या वायनरींनी हा फरक मन घट्ट करून ठेवला, चांगल्या बागांचा माल वेगळ्या टाकीत घेतला, त्यांची ड्राय लाम्ब्रुस्को आज खाजगी घराण्यांच्या बाटलीशेजारी ताठ उभी राहते. सहकारी म्हणजे दुय्यम हे मी मुळीच मानत नाही. खाजगी मालकाकडे स्वतःची एक-दोन टेकाडं असतात. सहकारी वायनरीकडे हजारभर बागा असू शकतात, निवडायची तर केवढी निवड आहे! फक्त निवडायचं ठरवलं पाहिजे, आणि ज्याचा माल मागे पडला त्या सभासदाला सभेत उभं राहून तसं सांगता आलं पाहिजे. तिथं प्रत्येकाला एकच मत असतं, मग बाग दोन एकरांची असो की दोनशेची.

हप्त्यांचं विचाराल तर तिथंही आपल्यासारखंच: आधी उचल, शेवटचा हिशेब वाईन विकली गेल्यावर.

तोडणी संपली त्या रात्री एका सभासदाच्या घरी जेवायला होतो. एमिलियाचं जेवण म्हणजे डुकराची चरबी, पार्मिज्यानो चीज आणि लोणी. तळलेल्या फुगीर पुऱ्यांसारखा ‘न्योक्को फ्रित्तो’, वर हॅमचे पातळ काप. मग रश्श्यातली तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता. आजींनी लाम्ब्रुस्को पेल्यात ओतली नाही, पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात ओतली, जुन्या रीतीनं. गुलाबी फेस काठापर्यंत आला, खाली बसला आणि पांढऱ्या मातीवर एक कडं राहिलं. मग त्यांनी थोडी वाईन माझ्या गरम रश्श्यात सोडली आणि पी म्हणाल्या. तोंडात साचलेली चरबी एका घोटात धुऊन निघाली. त्या वाईनला फेस का, आंबटपणा का, साखर का नाही, हे मला आदल्या पंधरा दिवसांत कोणी समजावलं नव्हतं इतकं तेव्हा समजलं. गोड वाईन त्या रश्श्यात घालून बघा, पहिल्या चमच्यालाच वाटी बाजूला सरेल.

बाटली मिळाली तर लेबलवर ‘सेक्को’, म्हणजे ड्राय, हा शब्द शोधा. ‘अमाबिले’ असेल तर ती गोडसर, ‘दोल्चे’ असेल तर पूर्ण गोड. वर्षं साठवून ठेवू नका, ती ताजीच प्यायची. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. झणझणीत रश्श्याबरोबर फेस तिखट वाढवतो, तो प्रयोग करून मी पस्तावलोय. पण गोव्याच्या चोरिसांबरोबर घ्या, पावासकट. आणि काचेचा पेला नसला तरी चालेल, घरातली पांढरी वाटी काढा.