वाद मिटला म्हणता, पण नुकसान कोणी भरून दिलं?

नमस्कार. समोर शिक्षक मंडळी जास्त दिसतायत, मागच्या रांगांमध्ये तंटामुक्तीवाले आप्पा, तात्या, जिभाऊ बसलेत, आणि डावीकडे ज्या ताया-माया बसल्यात त्यांना समितीवर घेतलंय की नुसतं हॉल भरायला आणलंय ते मला माहीत नाही, पण आज बोलणार आहे मी जास्त करून त्यांच्याच बाजूने. मी वकील आहे आणि कोर्टात मध्यस्थीचं कामही करते, म्हणजे भांडण लागलं तरी माझं घर चालतं आणि मिटलं तरी चालतं.

आता आपल्या खान्देशात भांडण मिटवणारे कमी आहेत का, तर नाहीत. बांधाचं भांडण असो, विहिरीच्या पाळीचं असो, लग्नातल्या मानपानाचं असो, चार मोठी माणसं ओट्यावर बसतात, चहा येतो, कोणीतरी "जाऊ द्या ना भो" म्हणतं आणि दोघं हात मिळवतात. माझी तक्रार एवढीच आहे की ज्याचं नुकसान झालं त्याला या सगळ्यात शेवटी विचारतात, बऱ्याचदा तर विचारतच नाहीत. ज्याचा आवाज मोठा तो गप बसला की वाद मिटला असं आपण धरून चालतो.

केळीचंच घ्या. रावेर-यावलकडे रात्रीतून कोणीतरी केळीची खोडं कापून टाकली, ही बातमी तुम्ही कितीदा वाचली असेल. लागण केल्यापासून घड कापेपर्यंत जवळपास वर्ष जातं, ड्रिपचा खर्च, खताचा खर्च, वर सोसायटीचं कर्ज. मग दोन रस्ते. पोलिसात गेलं तर पंचनामा, केस, तारखा, आणि सगळा प्रश्न काय तर आरोपीला शिक्षा होणार का नाही. गावात बसवलं तर पंच म्हणतात त्याने माफी मागितली ना, आता ताणू नका, शेजारी राहायचंय. दोन्हीकडे ज्याची बाग गेली तो विचारतोय सोसायटीचा हप्ता मी कुठून भरू, आणि आज रात्री शेतात झोपायला जायची भीती वाटते त्याचं काय. ते कोणाच्याच कागदावर येत नाही.

या दोन प्रश्नांपासून सुरुवात करायची, की नुकसान कोणाचं झालं आणि ते कोण भरून देणार, याला पुनर्स्थापक न्याय असं जड नाव आहे. जगात याची गोष्ट सांगताना नेहमी 1974 साल सांगतात. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात एल्मायरा नावाचं छोटं गाव, दोन पोरांनी दारू पिऊन एका रात्रीत 22 ठिकाणी तोडफोड केली, गाड्यांचे टायर फाडले, काचा फोडल्या. मार्क यांत्झी नावाचा प्रोबेशन ऑफिसर होता, त्याने जजला सुचवलं की यांना त्या लोकांच्या दारात पाठवू या. जजने चक्क ऐकलं. ती पोरं एकेका दारात गेली, आम्हीच ते केलं म्हणून सांगितलं, तुमचं किती नुकसान झालं विचारलं आणि पुढच्या काही महिन्यांत पैसे भरून दिले. विचार करा, काच फुटलेल्या घरातल्या म्हातारीला आपल्यामागे कोण लागलंय हे कळत नव्हतं, तिच्या दारात एक घाबरलेलं पोरगं उभं. पुढे न्यूझीलंडने 1989 मध्ये कायदाच केला, मुलाने गुन्हा केला तर कुटुंब, ज्याचं नुकसान झालं तो आणि पोलीस असे सगळे एकत्र बसून ठरवतात, त्यात तिथल्या माओरी समाजाच्या पद्धतीचा मोठा वाटा आहे.

आता शाळेकडे येते, कारण सर लोक घड्याळ बघायला लागलेत. आपल्याकडे मानव विकासच्या योजनेत लांबून येणाऱ्या मुलींना सायकली मिळतात. आठवीतली अशी एक मुलगी, वर्गाची मॉनिटर. दंगा करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिली म्हणून तीन पोरांनी तिच्या सायकलीची दोन्ही चाकं पंक्चर केली, सीटही ब्लेडने फाडलं. मुख्याध्यापकांना कळलं. पूर्वी काय झालं असतं, अंगठे धरून उभं केलं असतं, छडी, विषय संपला. आता शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, तर सर म्हणाले पालकांना बोलावतो आणि दाखल्यावर शेरा मारतो. तिथल्या एका बाईंनी मात्र आधी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, तुला काय झालं, तुला काय पाहिजे. ती म्हणाली, "बाबा म्हनस, शाया बंद."

बघा आता. सगळे बोलत होते पंक्चरबद्दल, आणि तिची शाळा बंद व्हायची वेळ आली होती, कारण बापाच्या डोक्यात बसलं की पोरीनेच काहीतरी केलं असणार, उगाच कोण कशाला सायकल फाडेल. तिला दोन गोष्टी हव्या होत्या, सायकल नीट करून हवी होती आणि तिची काही चूक नव्हती हे त्या पोरांनी तिच्या बापाला सांगायला हवं होतं. मग बाईंनी पोरांना एकेकटं भेटून विचारलं, करायची तयारी आहे का. दोघं लगेच हो म्हणाले, तिसरा दोन दिवसांनी. सगळे गोल बसले, खुर्च्या नाही, सतरंजीवर, मुलगी आणि तिचा बाप, ती पोरं आणि त्यांच्या आया, बाई. पोरं बापाकडे बघून बोलली. पैसे घरच्यांनी द्यायचे नाहीत असं ठरलं, पोरांनी सुट्टीत कापूस वेचून आणले. मुलगी शाळेत आली. शेऱ्याने हे झालं असतं का? शेऱ्याने फार तर ती पोरं तिच्यावर आणखी चिडली असती.

पण इथे एक रेघ आहे आणि ती मी जोरात मारणार. त्या पोरांनी तिची छेड काढली असती, हात लावला असता, तर हे गोल बसणं बिलकुल नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणारा कलम 21 खाली स्वतः गुन्हेगार ठरतो, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. "शाळेचं नाव खराब होईल, आपापसात बघू" असं म्हणणारे संस्थाचालक मी पाहिलेत, त्याला मध्यस्थी म्हणू नका, ते दडपणं आहे. घरातल्या मारहाणीतही तेच. बाईच्या अंगावर वळ असताना तिला नवऱ्यासमोर बसवून "दोघांनी थोडं थोडं समजून घ्या" म्हणणं म्हणजे तिला परत त्याच घरात ढकलणं. कुठले गुन्हे तडजोडीने मिटवता येतात याची यादीच आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 359, पूर्वी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते 320 होतं. समितीच्या बैठकीला बसण्याआधी ती यादी कोणी वाचतं का, हात वर करा बरं. हं.

घरातले वाद सगळ्यात अवघड, कारण तिथे प्रेमाचा दबाव असतो. हक्कसोड पत्राचं सांगते, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद. महाराष्ट्राने 1994 लाच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारी दुरुस्ती केली, 2005 ला ती देशभर झाली. तरी तलाठ्याकडे जाऊन बघा, बहिणींच्या सह्या कशा गोळा होतात. तिला सरळ कोणी धमकी देत नाही, नुसतं म्हणतात, आखाजीला माहेरी यायचंय ना बाई? आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, सासरच्या लेकी माहेरी येतात तो सण, म्हणजे या वाक्याचं वजन कळेल. म्हणून मध्यस्थीत आम्ही प्रत्येकाला वेगळं भेटतोच भेटतो, आणि तिथे बोललेलं तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्या खोलीत जात नाही. भावासमोर "मला काही नको" म्हणणारी बहीण वेगळ्या खोलीत म्हणते, जमीन राहू द्या, पण आईचं आजारपण पाच वर्षं मी काढलं हे त्याने एकदा सगळ्यांसमोर म्हणावं, आणि माझ्या पोरीच्या शिक्षणाला हातभार लावावा. काही जणी जमीनच मागतात, ती मागायचा पूर्ण हक्क आहे, तेव्हा मध्यस्थाने तोंड वाकडं करायचं नाही.

गावपातळीवर आपल्याकडे 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली, आर. आर. आबा गृहमंत्री असताना. चांगली कल्पना, मी आजही म्हणते. पण तंटे मिटवणाऱ्या गावाला बक्षीस लागलं की रजिस्टर भरतं, आणि रजिस्टर भरलं म्हणजे मनं साफ झाली असं होत नाही. दुसरी भीती जातपंचायतीची. दंड लावायचा, वाळीत टाकायचं, हेही "आम्ही आपसात मिटवतो" याच नावाखाली चालायचं, शेवटी 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. सातपुड्यातल्या आमच्या आदिवासी भावांकडे पंच बसून नुकसान भरून द्यायची पद्धत जुनी आहे, त्यातलं भरून द्यायचं तेवढं आपण शिकावं, पण बाईबद्दल ठरतंय आणि बाई बाहेर बसलीय, हे कुठल्याही समाजात असो, चालवून घेऊ नये. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात वस्तीतल्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थी आहे, दोन्ही बाजूंची आधी संमती लागते, आणि तिथे झालेला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही. लोकअदालतीचं वेगळं, तिथला निवाडा पक्का, अपील नाही, भरलेली कोर्ट फीसुद्धा परत मिळते. म्हणून पैशाचा किंवा जमिनीचा मामला असेल तर गावात बोलणी करा, पण शेवटचा कागद तालुक्याच्या विधी सेवा समितीमार्फत करा.

एका सरांची चिठ्ठी आलीय, समोरच्याला माफी मागायचीच नसेल तर काय करायचं. सर, मागायला लावू नका. जबरदस्तीची माफी ऐकणाऱ्यालाही लगेच कळते, तो आणखी दुखावतो. नुकसान भरून द्यायला तयार आहे का तेवढं विचारा, बऱ्याच जणांच्या तोंडून शब्द निघत नाही पण हात चालतो. त्यालाही नाही म्हणाला तर ते गोल बसणं घालायचंच नाही, शाळेचा नियम आहे, पोलीस आहेत, कोर्ट आहे, तो रस्ता धरायचा. आणि ज्याचं नुकसान झालं तो जर म्हणाला की मला त्याचं तोंडही बघायचं नाही, तर त्यालाही "मन मोठं करा" म्हणायला जाऊ नका, प्लीज.