कोठ्यातलं वावरात

(दृश्य: पहाट. पोल्ट्रीचं लांबलचक शेड. आत एकही पक्षी नाही.)

रात्री गाडी आली आणि कोंबड्या भरून गेली. ४०-४२ दिवसांची बॅच संपली. आता शेडमध्ये उरलंय ते लिटर: भाताचा तूस, त्यात मिसळलेली विष्ठा, सांडलेलं खाद्य, पिसं. करारावर कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याकडे पिल्लं कंपनीची असतात, खाद्यही कंपनीचं. ही घाण तेवढी त्याची स्वतःची. आणि खत म्हणून तिला मोल आहे.

आत पाऊल टाकलं की डोळे चुरचुरतात. हा अमोनिया. विष्ठेतल्या युरिक ॲसिडपासून जिवाणू तो तयार करतात. लिटर कोरडं असेल तर हे काम सावकाश चालतं, ओलं झालं की झपाट्याने. म्हणून पोल्ट्रीच्या वासाची तक्रार आली की आधी पाण्याची लाईन तपासायला हवी.

(दृश्य: निपलखालचं, म्हणजे कोंबड्यांच्या पाण्याच्या तोटीखालचं लिटर एका तळहातावर.)

मूठभर लिटर घेऊन घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर ते भुरभुर सुटलं तर चिंता नाही. गोळा तसाच राहिला, तर तिथे ओल जास्त आहे. गळकं निपल बदलायचं, ओली ढेप त्याच दिवशी बाहेर काढायची, दोन-तीन दिवसांनी लिटर खालवर करायचं. यात खर्च फारसा नाही, पण रोज लक्ष लागतं. पावसाळ्यात तर फारच.

माशांचं मूळही हेच. ओल्या विष्ठेत घरमाशी अंडी घालते आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडायला लागते. शेजारच्या घरात ताटावर माशा बसत असतील, तर त्या घराची तक्रार खरी आहे. "यांना दुसऱ्याचा धंदा बघवत नाही" म्हणून ती उडवून लावणं बरं नव्हे. ५,००० पेक्षा जास्त पक्षी असले की प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. पण हजार पक्ष्यांच्या शेडलाही शेजार असतोच.

(दृश्य: शेडमागचा नाला.)

मेलेल्या कोंबड्या नाल्यात फेकणं ही यातली सगळ्यात घातक सवय. कुत्री त्या ओढून गावात आणतात. कोंबड्यांचा आजार कुठवर जाऊ शकतो, हे विदर्भाने पाहिलं आहे: डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. रोजच्या मरतुकीसाठी विहिरीपासून लांब खोल खड्डा हवा, प्रत्येक वेळी वरून चुना आणि माती. मरतूक एकाएकी वाढली, तर मात्र कशालाही हात लावण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

(दृश्य: गावातला गुरांचा कोठा. एक बाई टोपल्यात शेण भरते आहे.)

गावाच्या या टोकाला अडचण उलटी आहे. इथे शेण पुरत नाही. बैलजोडीचं काम ट्रॅक्टर करतो, अर्धे कोठे रिकामे पडलेत. जे थोडं शेण मिळतं ते बाया डोक्यावरून उकिरड्यावर नेतात, आणि मग ते वर्षभर उघड्यावर पडून राहतं. उन्हात नत्र उडून जातं, उरलेलं पावसाच्या पाण्याबरोबर नालीला लागतं. मे महिन्यात बंड्या भरून खत वावरात जातं, तिथेही छोटे छोटे ढीग करून पंधरा-पंधरा दिवस उन्हात. इतक्या जिवापाड मेहनतीने वाहिलेलं खत असं वाया जाताना बघवत नाही. त्यातून ते कच्चं असेल, तर मुळं खाणारी हुमणी अळीही सोबत येते.

थोड्या शेणात जास्त खत कसं करावं, याचं उत्तर विदर्भातच सापडलं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायणराव पांढरीपांडे, लोकांचे नाडेपकाका, यांनी ते दिलं. विटांचं टाकं, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, आणि हवा खेळावी म्हणून भिंतींना भोकं. तळाशी काडीकचऱ्याचा सहा इंचांचा थर, त्यावर चार-पाच किलो शेण पाण्यात कालवून शिंपडायचं, वर चाळलेली माती. असे थरावर थर रचत टाक्याच्या दीड फूट वर न्यायचे आणि शेणमातीने लिंपून बंद करायचं. दोन-तीन आठवड्यांत ढीग खाली बसतो, तेव्हा पुन्हा एकदा भरून लिंपायचा. सगळं मिळून जेमतेम १०० किलो शेण लागतं, आणि तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत निघतं. एका गाईच्या घरालाही हे जमतं.

चार-पाच जनावरं असतील तर आधी बायोगॅस करावा. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं. चूल पेटते आणि बाहेर पडणारी स्लरी वावराला उरतेच.

(दृश्य: कपाशीचं वावर. धुऱ्यावर पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे ढीग, एक जळतो आहे.)

आता हा ढीग बघा. शेणखतात नत्र अर्धा टक्का, कोंबडखतात तीन टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच ताजं कोंबडखत थेट दिलं तर पीक करपतं. त्याला जोड हवी कर्बाची, आणि तो इथे पऱ्हाटीच्या रूपात धुऱ्यावर जळतो आहे. पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून लिटरबरोबर थर लावले, ओल राखली, की ढीग तापतो. लोखंडी सळई आत खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा; ती हातात धरवली नाही, तर आत माशीची अळी जगत नाही, तणाचं बी रुजत नाही. ढीग निवला की खालवर करायचा, पुन्हा तापू द्यायचा.

२०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी खाल्ली. तेव्हापासून फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर जास्तीच्या कापसासाठी पीक उभं ठेवू नका, डिसेंबरअखेर पीक काढा, असं कृषी विभाग सांगतो आहे. म्हणजे जानेवारीत पऱ्हाटी हाताशी असते आणि विहिरीला पाणीही. नाडेपच्या एका टाक्याला दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं. एप्रिलमध्ये ते आणायचं कुठून? टाकं जानेवारीतच भरा. मेमध्ये ते उघडेल. खत वावरात नेलं की त्याच दिवशी वखराने मातीत मिसळा, ढीग करून उन्हात ठेवू नका.