भीत आजून वली शे

नमस्कार श्रोतेहो.

पोळा झाला, गणपती गेले, नवरात्र तोंडावर आलं की आपल्याकडे घरोघरी एकच विचारणा सुरू होते, "रंगारी मिळाला का?" धुळं असो, अमळनेर असो की शहादा, दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांत रंगारी म्हणजे नवरदेव. मजुरी तो सांगेल ती. येईल तेव्हा येईल, आणि चार दिवसांचं काम दोन दिवसांत उरकून पुढच्या दारी जाईल. म्हणून आधीच सांगून टाकतो, घरातले वडीलधारे रागावले तरी चालतील. आतला रंग दिवाळीआधी खुशाल द्या. बाहेरचा मात्र तुळशीचं लग्न लागू द्या, मग द्या.

सणाला घर रंगवायची आपली रीत चुन्याच्या काळातली आहे. आपली खानदेशातली देवी कानबाई बसायची श्रावणात, ऐन पावसाळ्यात. तिच्या आधी भिंतींना चुन्याचा हात फिरायचाच, आणि चुन्याला ओलीचं वावडं नाही. उलट भिंत ओलसर हवी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून घेतो आणि त्याचा पुन्हा चुनखडीसारखा थर होतो. या कामाला ओल लागतेच. कोरड्या तापल्या भिंतीवर दिलेला चुना हाताला लागतो, तो यामुळेच. आता चुन्याच्या जागी बादलीतला अ‍ॅक्रिलिक रंग आला. तो भिंतीवर पातळ कातडीसारखा बसतो. मागे ओल असली की ती बाहेर पडताना कातडीला ढकलते. फुगे येतात, मग पापुद्रे. रंग बदलला, पंचांग तेच राहिलं.

हे मी शिकलो स्वतःच्या घरावर. आयुष्यभर बांधकामावर देखरेख केलेला माणूस मी. दसऱ्याला बाहेरून रंग द्यायला घेतला. माझी माय तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. तिने पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावला आणि अहिराणीत म्हणाली, "भीत आजून वली शे." म्हणजे भिंत अजून ओली आहे. मी हसण्यावारी नेलं. होळीपर्यंत त्या भिंतीचा रंग पापडासारखा उचलला होता. मायने पुन्हा काही म्हटलं नाही. तिने फक्त त्या भिंतीला खाट टेकवून ठेवली, पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

तळहाताचा अंदाज सगळ्यांना नसतो. तेव्हा दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक दिवस, एक रात्र ठेवा. आतून थेंब धरले, किंवा तेवढीच भिंत काळपट दिसली, तर थांबा.

थांबलात म्हणजे मोकळे बसू नका. पाणी येतं कुठून ते शोधा. गच्चीच्या कठड्याच्या माथ्यावरून? छज्जाच्या वरच्या सांध्यातून? पावसाचा पाइप मधेच फुटलाय का? मोरीचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरतंय का? भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पांढरी भुकटी फुटली असेल तर तो लोणा. तो आधी कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातात आणि सुकल्यावर पुन्हा बाहेर येतात. शेवाळाचं उलट आहे. काळं-हिरवं शेवाळ नुसतं खरवडलं तर रंगाखालून परत डोकं काढतं. ब्लीचिंग पावडरचं पाणी मारा, थोडा वेळ राहू द्या, तारेच्या ब्रशने घासा, स्वच्छ धुवा, आणि पुन्हा वाळू द्या.

आता तड्यांकडे येऊ. आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीचं कौतुक कापूस-केळीवाल्यांनी करावं. घर बांधणाऱ्याला ती छळते. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया उथळ असेल तर भिंतही तिच्याबरोबर हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा दिसला की मी रंगाचा विचार बाजूला ठेवतो. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने एकेक खूण करायची, मधलं अंतर मोजायचं, शेजारी तारीख लिहायची. वैशाखात मोजा, भादव्यात मोजा. अंतर बदलत असेल तर तडा जिवंत आहे. त्यात नुसतं सिमेंट भरणं म्हणजे पुढच्या वर्षी त्याच्या शेजारीच दुसरा तडा. छिन्नीने फट इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडायची, धूळ काढायची आणि लवचिक क्रॅक फिलर भरायचं. खरा इलाज मात्र पायाशी आहे. घराभोवती बाहेर उतार असलेला कोबा, म्हणजे सिमेंटची पक्की जमीन, करा, पाणी पायाजवळ साचू देऊ नका. तडा रुंदावतच चालला असेल तर अभियंत्याला दाखवा; रंगाऱ्याला त्यात ओढू नका.

जुना रंग हाताने चोळून बघा. पीठ लागलं की खरवडणी आलीच. भुरभुरणाऱ्या चुन्यावर थेट इमल्शन, म्हणजे तो बादलीतला रंग, मारलं तर चुन्यासकट पापुद्रा निघतो. जुनं सैल ते सगळं काढायचं, मग बाहेरचा प्रायमर. पुट्टी बाहेरून मी फक्त खड्ड्यांपुरती लावू देतो. भिंत आरशासारखी दिसावी म्हणून जाड पुट्टीचे थर चढवणं मला पैशांची माती वाटते. नव्या गिलाव्याला पाणी मारून झालं की निदान 28 दिवस द्या, त्याआधी रंग नको.

दारं, खिडक्या, ग्रिल जुन्या तेलरंगाची असतील तर एक खबरदारी हवी. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त नको, हा नियम आपल्याकडे 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. कोरडा पॉलिशपेपर घासून ती धूळ उडवू नका. पाणी लावून घासा, तोंडाला फडकं बांधा, लेकरांना लांब ठेवा.

आणि ऊन! हिवाळ्यातही आपल्याकडे दुपार चटका देते. तापल्या भिंतीवर रंग पसरण्याआधीच सुकतो, ब्रशचे ओरखडे राहतात. म्हणून सावलीमागे फिरायचं: सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, पारा 44-45ला टेकलेला असताना, बाहेरचं काम काढूच नका. परांचीवरचा माणूसही माणूसच आहे. त्या परांचीजवळून विजेची सर्व्हिस वायर जात असेल तर आधी वायरमनला बोलवा.

माल किती लागेल? बाहेरच्या इमल्शनच्या दोन हातांना लिटरला ढोबळ 50 ते 60 चौरस फूट धरा. 30 फूट लांब, 10 फूट उंच भिंत म्हणजे पाच-सहा लिटर. पाणी किती घालायचं ते बादलीवर लिहिलेलं असतं, आणि ते घालताना घरचं कुणीतरी तिथे उभं असावं, एवढंच सुचवतो.

ज्यांची घरं अजून धाब्याची, मातीच्या भिंतींची आहेत, त्यांनी यातलं बरंचसं विसरावं. मातीच्या भिंतीला प्लॅस्टिकची कातडी नको, चुनाच द्या. कळीचा चुना लोखंडी पिंपात विरवा. तो उकळतो, अंगावर उडतो, डोळे सांभाळा. रात्रभर मुरू द्या, फडक्यातून गाळा, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घाला. पातळ दोन-तीन हात द्या, भिंत आधी पाण्याने शिंपडून.

माझ्या मागच्या भिंतीवर दोन पेन्सिलीच्या खुणा आहेत, खाली वैशाखाची तारीख. परवा पुन्हा मोजलं, अर्ध्या सुताचा, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाचा फरक आहे. कोबा आधी करायचा ठरलाय. रंगाऱ्याला तुळशीच्या लग्नानंतरचा दिवस दिलाय, आणि तो चक्क म्हणाला, "काका, तेव्हा मी मोकळाच असतो."

नमस्कार.